यूपीएस किती वेळ पुरतो?

वीज जाते, 'टक्' असा आवाज होतो आणि संगणक चालूच राहतो. हा आवाज यूपीएसमधल्या रिलेचा. जोडणी बदलायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ संगणकाच्या पॉवर सप्लायमधला कपॅसिटर निभावून नेतो.

आता गणित करू. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ × ७ = ८४ वॉट-तास. संगणक व पडदा मिळून १२० वॉट घेत असतील तर ४२ मिनिटे मिळायला हवीत. आम्ही याच हिशेबावर विसंबलो आणि प्रयोगाच्या दिवसभराच्या नोंदी गमावल्या. यूपीएस पंधरा मिनिटांतच बंद पडला!

असे का झाले? १२ व्होल्टचे २३० करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून बॅटरीतून १० नव्हे, १२ अँपिअरच्या आसपास प्रवाह खेचला जातो. बॅटरीवरचा ७ हा आकडा मात्र ती सावकाश, २० तासांत, म्हणजे ०.३५ अँपिअरने रिकामी केली तरच खरा. घाईत आम्ल पट्ट्यांच्या छिद्रांत वेळेवर पोचत नाही आणि बरीचशी क्षमता शिल्लक असतानाच व्होल्टता घसरते.

राउटरला दहा-एक वॉट, तेही बहुधा १२ व्होल्ट डी.सी.च लागतात. मग डी.सी.चे ए.सी. आणि पुन्हा डी.सी. हा द्राविडी प्राणायाम कशाला? त्याला लिथियम-आयन घटांचा छोटा डी.सी. यूपीएस वेगळा द्यावा; तो दोन-तीन तास सहज पुरतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला जोडू नये. त्याचा तापक एकदम कित्येकशे वॉट मागतो.