लघवीनंतरचा थेंब

पुरुषाने लघवी करून यावे, कपडे सारखे करावेत, चार पावले टाकावीत आणि मग आतल्या कपड्याला ओल लागल्याचे त्याच्या ध्यानात यावे, हा अनुभव चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांचा आहे. बोलून दाखविणारे मात्र थोडे. धोतराच्या दिवसांत ही ओल निऱ्यांत जिरून जात असे; फिकट रंगाच्या पाटलोणीने ती चव्हाट्यावर आणली. हा विषय व्याख्यानाचा नव्हे असे ज्यांना वाटत असेल त्यांना मी एवढीच आठवण देतो की, र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत ते चालविले. शरीराच्या ज्या भागांविषयी बोलावयाचे नाही त्यांच्याविषयीच अज्ञान सर्वांत फार असते, ही त्यांची तक्रार अद्याप जुनी झालेली नाही.

हा थेंब येतो कोठून? बहुतेकांची समजूत अशी की, मूत्राशयाचे तोंड ढिले झाले आणि म्हणून गळते. लघवीनंतर लगेच येणाऱ्या थेंबापुरती ही समजूत सहसा चुकीची असते. ज्यांच्या केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या आहेत त्यांना खरे कारण समजावयास वेळ लागणार नाही. मोटर बंद केली, व्हॉल्व्ह फिरविला, तरी सखल बाजूच्या नळीतून काही वेळ पाणी टपकतच राहते. म्हणून कोणी व्हॉल्व्ह फुटला असे म्हणत नाही. नळीत उरलेले पाणी उताराने बाहेर येते, इतकेच. पुरुषाच्या मूत्रनलिकेचेही तसेच आहे. मूत्राशयापासून निघालेली ही नलिका सरळ बाहेर येत नाही. ती खाली उतरते, अंडकोशाच्या मागे वळण घेते आणि मग पुढे येते. त्या वळणाशी नलिका थोडी रुंद आहे. लघवी संपल्यावर तेथे चमचाभराहूनही कमी मूत्र साचून राहते. नलिकेच्या त्या भागाला वेढून एक स्नायू असतो. लघवी संपली की त्याने आकसून उरलेले मूत्र पुढे ढकलावयाचे, ही त्याची नेमणूक. वयाने, लठ्ठपणाने, वर्षानुवर्षे शौचास कुंथण्याने किंवा एखाद्या शस्त्रक्रियेने तो अशक्त झाला की काम अर्धवट राहते. आणि माणूस चालू लागला, जिना चढला की साचलेले ते पाणी बाहेर येते.

जुन्यांना हे दिसले नव्हते असे नाही. सुश्रुताने मूत्राघाताच्या प्रकारांत मूत्रोत्संग नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यात मूत्र वाटेत अडून राहते आणि थोडेथोडे बाहेर येते. नमाजापूर्वी शेवटचा थेंब निघून जाईपर्यंत थांबण्याचा, खाकरण्याचा, चार पावले चालण्याचा जो परिपाठ मुसलमान समाजात आहे, त्याच्या मागेही हेच निरीक्षण आहे.

आता ज्या शस्त्रक्रियेमुळे हा प्रश्न अलीकडे अधिक विचारला जातो तिच्याकडे वळू. मधुमेहाने, पाठीच्या कण्याच्या दुखापतीने किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या इंद्रियास ताठरता येत नाही आणि औषधांचाही उपयोग होत नाही, अशांच्या इंद्रियात कृत्रिम दांडे बसविता येतात. यालाच इम्प्लांट म्हणतात. पंपाने फुगविता येणारा इम्प्लांट अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. ब्रँटली स्कॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली पुढे आणला. तो महागडा. मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी सिलिकोनच्या, वाकविता येणाऱ्या दांड्यांचा स्वदेशी इम्प्लांट तयार केला आणि ही शस्त्रक्रिया मध्यम स्थितीतील माणसाच्या थोडी आवाक्यात आली. जळगाव-धुळ्याकडचा माणूस यासाठी बहुधा मुंबई-पुण्यास किंवा नाशिकला जातो आणि पुष्कळदा घरी ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे सांगून जातो. या सांगण्यातला धोका पुढे येईलच.

इंद्रियात तीन कप्पे असतात. वरचे दोन रक्ताने भरून ताठ होणारे. दांडे बसतात ते या दोहोंत. तिसरा खालचा, आणि मूत्रनलिका जाते ती यातून. म्हणजे शस्त्रक्रियेत मूत्रनलिकेला हात लावावयाचा नसतो, परंतु काम चालते ते तिच्या भिंतीला भिंत लागलेल्या शेजारघरात. जखमेची सूज नलिकेवर दाब आणते. शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेल्या लघवीच्या नळीने आतली त्वचा चुरचुरते. वर सांगितलेला पिळणारा स्नायू, छेद कोठे घेतला त्याप्रमाणे, थोडाबहुत बाजूला सारला जातो आणि काही दिवस दुखावलेला राहतो. शिवाय दांड्यांमुळे इंद्रियाचा कल बदलतो. हे पोटाच्या बाजूला वर वळलेले असले की मागच्या वळणातील पाण्याला पुढे येण्यास चढ लागतो. यास्तव वाकणारा इम्प्लांट असेल तर लघवीच्या वेळी इंद्रिय खाली वळवून धरावे, आणि पंपाचा असेल तर तो आधी पुरता रिकामा करावा. एवढ्याने पुष्कळांचे निम्मे काम होते. सूज उतरली की, साधारणपणे चार ते सहा आठवड्यांत, उरलेलेही बहुतेकांचे थांबते.

न थांबल्यास काय? शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी जखम भरल्याची खात्री दिल्यावर दोन गोष्टी कराव्यात. पहिली अगदी सोपी. लघवी झाल्यावर क्षणभर थांबावे. अंडकोशाच्या मागे जी शिवण आहे तेथे तीन बोटे टेकवून हलकेच वर दाबावे आणि दाब तसाच ठेवून बोटे पुढे आणावीत. असे दोन-तीन वेळा केले की वळणात साचलेले मूत्र बाहेर पडते. नुसते झटकल्याने ते पडत नाही, कारण झटकला जातो तो पुढचा भाग आणि पाणी असते मागे. दुसरी गोष्ट व्यायामाची. वात अडवून धरताना जे स्नायू आपण आवळतो तेच आवळावयाचे; पोट, मांड्या सैल, श्वास चालू. बरोबर जमले तर अंडकोश किंचित वर उचलल्यासारखे होतात. पाच-दहा आकडे मोजेपर्यंत धरावे, तितकाच वेळ सोडावे, असे दिवसातून तीन वेळा आठ-दहा आवर्तने. लघवी संपताच एकदा जोराने आवळावे. मात्र वाहती लघवी मध्येच अडविण्याचा सराव करू नये. ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात बोटांची युक्ती आणि हा व्यायाम यांची तुलना केली गेली. दोहोंचाही गुण आला, व्यायामाचा जास्त. पण तो आठ दिवसांत येत नाही. तीन महिने धीर धरावा लागतो आणि तिसऱ्या आठवड्यातच कंटाळणारे फार.

सगळे गळणे मात्र एका जातीचे नसते आणि खरी दक्षता येथे हवी. खोकताना, ओझे उचलताना गळत असेल तर ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या आवळ्या स्नायूचे दौर्बल्य; प्रोस्टेट काढलेल्यांत ते दिसते. घाई होऊन वाटेतच होत असेल तर दोष मूत्राशयाच्या उतावीळपणाचा. पण सर्वांत फसवे गळणे भरून ओसंडण्याचे. मधुमेहाने मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्या किंवा प्रोस्टेटने वाट अडविली की मूत्राशय कधी रिकामेच होत नाही. काठोकाठ भरते आणि वरचे वर सांडत राहते. इम्प्लांट बसविलेल्यांत मधुमेही पुष्कळ असतात, हे विसरू नये. असा माणूस ‘मला लघवी फार होते’ म्हणून सांगतो, आणि वस्तुतः त्याची लघवी तुंबलेली असते. मूत्रपिंडावर दाब येतो तो निराळाच. लघवी केल्यानंतर सोनोग्राफीने आत किती उरली हे पाहता येते. ही सोय आता तालुक्याच्या गावीही झाली आहे. ती तपासणी न करता औषधाच्या दुकानातून प्रोस्टेटच्या गोळ्या आणून खाणे म्हणजे विहिरीत न डोकावता मोटर बदलणे होय.

इम्प्लांटनंतर ताप, वाढते दुखणे, जखमेतून पू, लघवीत रक्त, लघवी अडणे, किंवा महिन्यांनी नव्यानेच सुरू झालेले गळणे यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. आत जंतूंचा शिरकाव झाला असेल, किंवा क्वचित दांडा झिजवीत झिजवीत मूत्रनलिकेत उतरला असेल. लवकर कळले तर उपाय असतात. उशिरा कळले तर इम्प्लांट काढावाच लागतो.

घरी हर्निया सांगितलेल्या गृहस्थाचे येथे आठवावे. मुंबई-आग्रा रस्त्यावर अपघात झाला, शुद्ध हरपली आणि त्याला रुग्णालयात आणले. तेथे नेहमीप्रमाणे लघवीची नळी घालतील. आत फुगविलेला इम्प्लांट आहे हे ठाऊक नसताना घातलेली नळी मूत्रनलिकेला इजा करू शकते. ठाऊक असल्यास आधी तो रिकामा करतात, बारीक नळी घेतात, जपून घालतात. म्हणून इम्प्लांटचा प्रकार आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असावी, आणि निदान घरातील एका माणसाला हे माहीत असावे. ती चिठ्ठी रुग्णालयाखेरीज कोणी वाचणार नाही.

लाजेपोटी लोक जे उपाय करतात ते रोगापेक्षा वाईट. इंद्रियाला दोरा किंवा रबर बांधणारे आहेत. मधुमेह्याला तेथे दुखणे कळत नाही. रक्त तुटून कातडी काळी पडते तेव्हा कळते. दुसरे पाणी तोडणारे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, अंगातले पाणी घामावाटे जाते, आणि हे गृहस्थ थेंब पडू नये म्हणून सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतात. लघवी दाट होते, जळजळते, खडे धरतात. आणि गळावयाचा तो थेंब गळतोच, कारण वळणात साचावयास कितीसे पाणी लागते? तिसरा प्रकार रुळांकडेच्या भिंतींवरील जाहिराती वाचून गुप्तरोगाच्या तंबूत जाणाऱ्यांचा. तेथे या थेंबाला ‘धात’ म्हणतात आणि धात जाते म्हणजे जीव जातो अशी भीती घालतात. या भीतीच्या विकाराची नोंद डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये वैद्यकात ‘धात सिंड्रोम’ या नावाने केली. लघवीमागून येणारा स्वच्छ थेंब लघवीचाच असतो. त्याने शक्ती जात नाही.

डॉक्टरांकडे जाताना तीन दिवसांची नोंद करून न्यावी: किती वाजता लघवी झाली, मापाच्या भांड्याने किती, थेंब केव्हा आला. लघवीनंतर लगेच, खोकताना, की झोपेत? धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, जळगावास २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते आणि चारचौघांत तोंड उघडत नाही, हे मान्य. कागद पुढे सरकवावयास तोंड उघडावे लागत नाही.