मानवी तस्करी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानवी तस्करीसाठी सीमा ओलांडावीच लागते, हा सर्वांत पक्का गैरसमज. सीमा ओलांडावी लागते ती चोरट्या स्थलांतरात आणि त्यासाठी संयुक्त राष्ट्रांचा वेगळा करार आहे. तस्करीविषयीचा 2000 चा पालेर्मो करार तीन गोष्टी पाहतो : माणूस मिळवला किंवा हलवला का, त्यासाठी बळ, फसवणूक वा अगतिकता वापरली का आणि हेतू शोषणाचा होता का. बळी अठरा वर्षांखालील असेल तर मधली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. भारताने या कराराला 2011 मध्ये मान्यता दिली.

‘ती राजीखुशीने गेली होती’ हा आरोपीचा ठरलेला बचाव. भारतीय न्याय संहितेचे कलम 143 तो मोडीत काढते. तस्करी ठरवताना बळीची संमती गौण असते. शिक्षा किमान सात वर्षे सक्तमजुरी, बळी अल्पवयीन असल्यास किमान दहा.

तस्करी फक्त वेश्याव्यवसायासाठी होते, या समजाला 1956 च्या अनैतिक व्यापार कायद्याने हातभारच लावला. वास्तविक राज्यघटनेच्या कलम 23 मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी एकत्रच निषिद्ध आहेत. ऊसतोडीची उचल घ्या. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेणे हा गुन्हा नव्हे; पण ती फिटेपर्यंत जोडप्याला फडातून हलू दिले नाही, तर तो व्यवहार 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली येतो. मग ते कर्जच रद्द होते आणि ते वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर पडतो. कुलपाची, साखळदंडाची गरज नाही : किमान वेतनाहून कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड खटल्यात ठरवले.

छाप्यात सापडलेली स्त्री गुन्हेगार असते, हा समज पोलीस ठाण्यांतही आढळतो. कुंटणखाना चालवणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये सुधारगृहात धाडण्याचा आदेश झालेल्या तीन प्रौढ स्त्रियांना याच आधारावर मोकळे केले. सुटका केलेल्या प्रौढ बाईला तिच्या मनाविरुद्ध डांबणे ही सुटका नव्हेच.

या सगळ्याला एकच सर्वंकष कायदा आहे, हाही भ्रम. तसे विधेयक लोकसभेने 2018 मध्ये मंजूर केले होते. राज्यसभेत ते मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.