सुरत ते सापुतारा : एका दिवसाच्या घाटप्रवासाची आखणी

तापीतीरावरील सुरत शहर आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील सापुतारा यांमधील अंतर सुमारे १६० किलोमीटर आहे. एवढ्या अंतरात भूमी आपले रूप तीनदा पालटते. प्रथम उसाच्या मळ्यांचा सपाट प्रदेश लागतो, नंतर साग व बांबू यांचे डांगी अरण्य सुरू होते आणि शेवटी दरीच्या कडेकडेने चढणारा वळणावळणाचा घाट येतो. ही वाट मराठी माणसाला परकी नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवछत्रपतींचे सैन्य बागलाणच्याच मार्गाने परतले होते. आज उधना व लिंबायत भागांत स्थायिक झालेली खानदेशातील कुटुंबे, तसेच शाळांच्या सहली, सुट्टीच्या दिवशी या घाटाकडे वळतात.

सकाळी निघून रात्री घरी परतण्याचा हा बेत सहज साध्य होण्यासारखा आहे. मात्र त्याची आखणी नेहमीच्या पद्धतीने करून भागत नाही. "किती वाजता निघावयाचे?" हा प्रश्न सर्वजण विचारतात, "घाट किती वाजता उतरावयाचा?" हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवावे आणि त्यावरून पहिल्याचे उत्तर काढावे.

मार्ग व वाटेतील स्थळे

सुरतहून बारडोली, अनावल व उनाई या मार्गाने किंवा नवसारी, चिखली व वांसदा या मार्गाने वघई गाठता येते. पहिल्या मार्गावर बारडोली लागते. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतसारा सत्याग्रहाची ही भूमी असून तेथील स्वराज आश्रम विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगा आहे. उनाई येथे उष्णोदकाचे झरे आहेत. वघई हे डांगचे प्रवेशद्वार होय. येथील वनस्पती उद्यान आणि गावापासून थोड्या अंतरावर अंबिका नदीवरील गिरा धबधबा ही दोन्ही स्थळे पाहण्यासारखी आहेत. अंबिकेचा उगम नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यात होतो. महाराष्ट्राच्या डोंगरात पडलेले पाणी गुजरातच्या कड्यावरून कोसळताना येथे पाहावयास मिळते, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. याच कारणास्तव एक दक्षताही घ्यावयास हवी. धबधब्यापाशी ऊन असले तरी वरच्या डोंगरात पाऊस झाल्यास पाणी अकस्मात वाढते. म्हणून पावसाळ्यात मुलांना प्रवाहातील खडकांवर उतरू देऊ नये.

वघईपासून सापुतारा सुमारे ५० किलोमीटर आहे. शामगहान व मालेगाम ही गावे मागे पडली की खरा घाट सुरू होतो. माथ्यावर सुमारे १,००० मीटर उंचीवर सापुतारा वसले असून तेथे तलाव, संग्रहालय आणि उडनखटोला आहे. जवळच महाराष्ट्राच्या हद्दीत हातगडचा किल्ला आहे. तेथे जावयाचे असल्यास भाड्याच्या गाडीचा परवाना दोन्ही राज्यांत चालतो किंवा नाही, याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

सूर्यास्ताचा मोह

सापुताऱ्याचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे तेथील सूर्यास्त. आणि एका दिवसाच्या सहलीतील सर्वांत मोठा धोकाही तोच. सूर्य मावळेपर्यंत माथ्यावर थांबणारी गाडी संपूर्ण घाट अंधारात उतरते. त्या वेळी प्रवासी पेंगुळलेले असतात, चालक दिवसभराचा थकलेला असतो आणि समोरून नाशिक व सुरत यांमधील मालमोटारी चढत असतात. पावसाळ्यात त्यात धुक्याची भर पडते.

ही भीती काल्पनिक नाही. डिसेंबर २०१८ मध्ये डांगमधील महाल-बर्डीपाडा भागात सुरतच्या विद्यार्थ्यांची सहलीची बस परतीच्या वाटेवर दरीत कोसळून दहा जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२४ मध्ये सुरतच्या पर्यटकांची बस सापुताऱ्याजवळ दरीत गेली आणि दोघांचे प्राण गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेकरूंची बस पहाटेच्या अंधारात याच घाटात कोसळली. त्यात पाच जण दगावले. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी असली, तरी घाट चुकीला क्षमा करीत नाही, हा बोध एकच आहे.

सूर्यास्त पाहावयाचाच असेल तर सापुताऱ्यास मुक्काम करावा. एका दिवसात परतणाऱ्याने तो पाहण्याचा हट्ट सोडावा.

उलट दिशेने वेळापत्रक

डिसेंबरमध्ये सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराच्या सावलीमुळे घाटात त्याआधीच अंधारू लागते. म्हणून सहापूर्वी वघईस पोहोचणे हे उद्दिष्ट ठेवावे. उतरण्यास दीड ते दोन तास धरले तर चार वाजता सापुतारा सोडावयास हवे. माथ्यावर चार तास मिळावेत यासाठी दुपारी बाराच्या आत तेथे पोहोचले पाहिजे. म्हणजे वघई दहाला सोडावे, धबधब्यासाठी पाऊण तास धरून सव्वानऊला तेथे यावे आणि वाटेतील चहापाण्यासह सुरतहून सकाळी सहा वाजता निघावे. एखाद्या ठिकाणी उशीर झाल्यास एक स्थळ गाळावे. परंतु चारची वेळ पुढे ढकलू नये. बारडोलीचा आश्रम व धबधबा ही दोन्ही एकाच दिवसात साधण्याचा आग्रह धरू नये.

घाट उतरताना

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेकचे भाग तापतात आणि त्यांची पकड कमी होत जाते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढण चढली, साधारणतः त्याच गिअरमध्ये उतरावे, जेणेकरून इंजिनच गाडीला आवर घालील. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे हा आवर स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. अरुंद जागी वर चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी. मोटार वाहनविषयक नियमही हेच सांगतो. वळणावर पुढील वाहनास ओलांडू नये.

शाळेच्या सहलीसाठी शिक्षकांनी बसचे योग्यता प्रमाणपत्र, परवाना व चालकाचा अनुज्ञप्तीपत्र स्वतः पाहावे. आसनांपेक्षा अधिक मुले बसवू नयेत. मुलांच्या नावांची एक यादी गाडीत आणि दुसरी शाळेत असावी. चालकाला दुपारी तासभर झोप मिळेल अशी सोय करावी. त्याला मुलांबरोबर तलावाभोवती हिंडवू नये. जंगलात दूरध्वनीची लहर सर्वत्र मिळेलच असे नाही. म्हणून घाट उतरण्यास आरंभ करण्यापूर्वी घरी वा शाळेत कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

चार वाजता माथ्यावरून निघालेली मुले थोडी हिरमुसतील, हे खरे. परंतु वघईच्या बाजारात नागलीचे पदार्थ व बांबूच्या वस्तू पाहण्यास तेव्हा उजेड शिल्लक असेल आणि पुढचा रस्ता सपाट असेल. रात्री सुरतच्या वस्तीत बस थांबेल, तेव्हा यादीतील प्रत्येक नावाला "हजर" असे उत्तर यावे, यासाठीच ही सारी आखणी आहे.