झोपलेल्या ब्लॉकला हाक मारण्याआधी

बीगलबोन ब्लॅक बोर्डाच्या टर्मिनलवर रूट म्हणून ‘डेवमेम२’ ही छोटी कमांड चालवायची आणि तिला ४८३०२००० हा हेक्स पत्ता द्यायचा. एएम३३५एक्स या चिपच्या मॅन्युअलप्रमाणे या पत्त्यावर एक पीडब्ल्यूएम ब्लॉक आहे. पण कोणताही ड्रायव्हर तो ब्लॉक वापरत नसेल तर स्क्रीनवर आकडा येत नाही. ‘बस एरर’ असं उमटतं आणि प्रोग्रॅम तिथेच मरतो.

पत्ता बरोबर आहे, चिप शाबूत आहे, बोर्डाला वीजही आहे. फक्त त्या ब्लॉकचा क्लॉक बंद आहे. आता ४४ई०००सीसी हा पत्ता वाचायचा. तिथे त्याच क्लॉकचं नियंत्रण आहे. उत्तर येतं ३००००. क्रमांक १६ आणि १७ या दोन बिटांत मिळून ३ आहे, म्हणजे ब्लॉक बंद. तिथे २ लिहून पुन्हा वाचलं की वरचा ३ गेलेला असतो, नुसता २ उरतो. मग पहिल्या पत्त्यावरून ब्लॉकचा आवृत्ती क्रमांक मुकाट मिळतो.

ड्रायव्हर शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी हेच करायला लावतो. रजिस्टर म्हणजे एक पॉइंटर, वाचा-लिहा, मेमरीसारखंच, हे कॉलेजातून पक्कं बसलेलं असतं. रजिस्टरच्या मागे हार्डवेअर असतं आणि ते जागं असावं लागतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

बस एरर मिळाली तर नशीबच म्हणायचं. काही चिपवर बंद ब्लॉकला हात लावला की अख्खी बस अडकते, सीरियल कन्सोल गोठतो आणि वॉचडॉग बोर्ड रीसेट करून टाकतो. काही ठिकाणी शून्य वाचलं जातं आणि ड्रायव्हर त्या शून्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. हा प्रकार सगळ्यात वाईट. लिहिताना आणखी एक गुंता होतो. प्रोसेसर लिहिलेली किंमत बसवर सोडून पुढच्या ओळीवर गेलेला असतो, त्यामुळे एररचा शिक्का भलत्याच निर्दोष ओळीवर बसतो. लॉगमध्ये ‘इम्प्रिसाइज’ शब्द दिसला की त्या ओळीकडे बघत न बसता मागे मागे जायचं.

लिनक्समध्ये ही जाग-झोप सांभाळायला ‘रनटाइम पीएम’ आहे. राफाएल विसोत्स्की यांनी घडवलेली ही व्यवस्था २००९ साली २.६.३२ या कर्नलमध्ये आली. तिच्या मुळाशी एक मोजणी आहे. रजिस्टरला हात लावण्याआधी ‘गेट’, काम झालं की ‘पुट’. मोजणी शून्यावर आली की ब्लॉक झोपायला मोकळा. सतत झोपवण्या-उठवण्याचाही खर्च असतो, म्हणून ऑटोसस्पेंडमध्ये काही मिलिसेकंदांची सवलत देता येते.

ऐकायला सोपं आहे, पण या मोजणीनेच वर्षानुवर्षं त्रास दिला. ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे फंक्शन अपयशी ठरलं तरी मोजणी एकने वाढवूनच परत येतं. एरर आली, ड्रायव्हर रिटर्न झाला, पुट राहिला. त्यानंतर ती मोजणी कधीच शून्यावर येत नाही. यंत्र छान चालतं, टेस्टिंग पास होतं, फक्त बॅटरी उतरत राहते. अपयश आल्यास मोजणी आपणच मागे घेणारं ‘रिझ्यूम अँड गेट’ हे फंक्शन २०२० साली कर्नलमध्ये आलं. नव्या कोडमध्ये जुनं वापरायचं तर कारण सांगता आलं पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं.

अशा वेळी सिसएफएसमधली ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल कामाला येते. काहीच चालू नसताना तिथे ‘ॲक्टिव्ह’च दिसत राहिलं, तर कुठेतरी एक पुट राहिलाय. उलट रजिस्टर वाचताना अधूनमधून क्रॅश होत असेल, तर शेजारच्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑन’ लिहायचं, म्हणजे ब्लॉक झोपतच नाही. क्रॅश थांबला की शोध निम्म्यावर येतो. मात्र हे ‘ऑन’ फक्त निदानासाठी. तेच उपाय म्हणून उत्पादनात पाठवलेलं मी पाहिलं आहे आणि ते मला अजिबात मान्य नाही.

इंटरप्टची लाइन सामायिक असेल तर अजून जपावं लागतं. शेजाऱ्याचा इंटरप्ट आला तरी आपला हँडलर बोलावला जातो, आणि तो सवयीने आपलं स्टेटस रजिस्टर वाचतो. ब्लॉक झोपलेला असेल तर तिथेच खेळ खलास. साधारणपणे हँडलरमधून त्याला उठवताही येत नाही, कारण उठवणारं फंक्शन स्वतः थांबू शकतं आणि इंटरप्टमध्ये थांबायला परवानगी नाही. तिथे ‘गेट इफ ॲक्टिव्ह’ने आधी विचारायचं. ब्लॉक जागा नसेल तर इंटरप्ट आपला नाही, असं सांगून बाहेर पडायचं.

क्लॉक बंद केला तरी रजिस्टरमधल्या किमती सहसा टिकतात. वीजच काढली तर त्या पुसल्या जातात आणि मग कोणीतरी त्या लक्षात ठेवाव्या लागतात. ऑडिओ कोडेकसारख्या आयटूसी चिपसाठी हे काम ‘रेगमॅप’ करतो. मार्क ब्राउन यांचं हे काम २०११ साली कर्नलमध्ये आलं. वीज काढण्याआधी रेगमॅपला ‘कॅश ओन्ली’ सांगायचं. मग वापरणाऱ्याने आवाज वाढवला तरी नवी किंमत कॅशमध्येच राहते. चिप उठली की कॅश ‘डर्टी’ ठरवून ‘सिंक’ करायचं, म्हणजे रीसेटच्या किमतींपेक्षा वेगळं ते सगळं परत लिहिलं जातं. पण हार्डवेअर स्वतःहून बदलतं ती रजिस्टरं ‘व्होलाटाइल’ म्हणून आधी नीट नोंदवायला हवीत. नोंद असेल तर झोपेत वाचताना ‘बिझी’ अशी प्रामाणिक एरर मिळते. नसेल तर कॅशमधली शिळी किंमत मिळते, आणि ती अगदी खरी वाटते.

म्हणून रिव्ह्यूला ड्रायव्हर आला की मी ‘प्रोब’ची सरळ वाट नंतर वाचतो. आधी ‘रिमूव्ह’ आणि एररच्या वाटा काढतो. क्लॉक बंद होण्याआधी इंटरप्ट सोडलाय का, आणि प्रत्येक ‘गोटू’ ज्या लेबलवर उडी मारतो तिथे पुट आहे का, हे बोट ठेवून तपासतो.