घड्याळ हाक मारेल, धावणार कोण?

जून लागला की रायगडच्या किनाऱ्यावर चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या होतात. अलिबागपासून चौल, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्यांतली जुनी घरं पाहा. ओटीवरून अंगणात उतरायला पायऱ्या, माजघराला उंच उंबरठा, मागीलदारी न्हाणीघर आणि पुष्कळ घरांत त्याच्याही पलीकडे संडास. रात्री लघवीला उठलेलं वयस्क माणूस, तेवढ्यात गेलेली वीज आणि पायाखाली ओली फरशी, एवढं पडायला पुरेसं असतं. मुलं मुंबईला, पुण्याला. घरात दोघंच, कधी एकटी आजीच.

‘वय झालं, पडायचंच’ असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे. या माणसांसाठी आता अंगावर वागवायची उपकरणं बाजारात आली आहेत: मनगटी घड्याळं, गळ्यातली बटणं, कमरेचे पट्टे. दूर राहणाऱ्या मुलांना त्यांचा मोठा आधार वाटतो. म्हणूनच त्यातलं कोणतं काय करतं आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं.

पडल्यावर हाक मारणारी साधनं

यातलं सर्वांत जुनं साधन म्हणजे गळ्यात अडकवायचं बटण. १९७०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत ते रुळलं. पडलेल्या माणसाने ते दाबायचं, की मदत केंद्रात घंटा वाजते. पण केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या वृद्धांचा वर्षभर पाठपुरावा करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेगळंच दिसलं. घरात एकटे असताना पडलेल्या आणि हाताशी असं बटण असलेल्या वृद्धांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी ते दाबलंच नाही. कुणाला संकोच वाटतो, कुणाला ‘उठेन मीच’ असा भरवसा असतो, कुणाला त्या क्षणी काही सुचतच नाही.

म्हणून पुढची साधनं बटणाची वाट न बघणारी निघाली. घड्याळातला एक संवेदक हालचालीतला वेगबदल मोजतो, दुसरा मनगट किती आणि कसं वळलं ते टिपतो. एकाएकी खाली जाणं, मग जोराचा आदळ, त्यानंतर निश्चलता, असा क्रम जुळला की घड्याळ ते पडणं मानतं. ॲपलने २०१८ सालच्या ‘सिरीज ४’ घड्याळात ही सोय आणली. पडल्यावर ते मनगटावर टकटक करतं, गजर वाजवतं आणि माणूस सुमारे मिनिटभर हललाच नाही, तर आपत्कालीन क्रमांक लावून ठरवलेल्या आप्तांना निरोप धाडतं.

याला मर्यादाही आहेत. भिंतीला टेकत हळूहळू खाली बसकण मारलेलं माणूस घड्याळाला ‘पडलं’ असं वाटत नाही. उलट जोरात हात आपटला तर ते उगाच बोंब मारू शकतं. आणि मुख्य म्हणजे घड्याळ हाड वाचवत नाही. ते फक्त मदतीला उशीर होऊ नये म्हणून आहे. अर्थात तेही थोडं नाही. तासन्‌तास गार फरशीवर पडून राहिलेल्या वृद्धाच्या शरीरातलं पाणी कमी होतं, स्नायूंना इजा होते, त्वचेवर दाबाच्या जखमा होतात.

पडताना खुबा सांभाळणारी साधनं

म्हातारपणी सगळ्यात धास्ती असते ती खुबा मोडण्याची. माणूस कुशीवर पडलं की मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा थेट जमिनीवर आदळतो. कुशीवर पडण्यात खुबा मोडण्याचा धोका इतर तऱ्हेने पडण्याच्या सुमारे सहापट असतो. त्या जागी गादी असलेली चड्डी म्हणजे खुबा-रक्षक. फिनलंडमध्ये १,८०१ वृद्धांवर झालेली तिची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. रक्षक अंगावर असताना १,०३४ वेळा माणसं पडली आणि चौघांचा खुबा मोडला. त्याच गटातले लोक रक्षक न घालता ३७० वेळा पडले आणि नऊ जणांचा मोडला.

नंतरच्या अभ्यासांनी हा उत्साह आवरला. वृद्धाश्रमांत थोडा फायदा दिसला. स्वतःच्या घरी राहणाऱ्यांत जवळपास नाहीच. कारण साधं होतं. उकडतं, जाड दिसतं, लघवीला घाईने जाताना उतरवायला वेळ लागतो. मग लोक ती घालेनासे होतात.

त्यावरचा नवा उपाय म्हणजे हवेच्या पिशव्यांचा पट्टा. फ्रान्समधल्या हेलिट कंपनीचा ‘हिपसेफ’ त्यातलाच. कमरेच्या पट्ट्यातला संवेदक पडणं सुरू झाल्याचं ओळखतो आणि शरीर जमिनीला लागण्याआधी दोन्ही खुब्यांवर हवा भरतो. उभा माणूस जमिनीवर येतो तो सेकंदभराच्या आत, आणि सगळं काम तेवढ्यातच उरकावं लागतं. कल्पना उत्तम आहे. पण हा पट्टा महाग आहे आणि चार्ज करून, रोज आठवणीने बांधला तरच त्याचा उपयोग.

आपल्या किनाऱ्यावर काय टिकेल?

ही साधनं थंड हवेच्या देशांत घडली. आपल्याकडे घाम, खारा वारा आणि चार महिन्यांची ओल. नऊवारी नेसणाऱ्या कोळणीने कमरेला जाड पट्टा कुठे बांधायचा? परकराच्या किंवा चड्डीच्या आत शिवता येईल, धुता येईल अशी सुती कप्प्यातली हलकी गादी आपल्याकडे घडायला हवी. २०१४ साली आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या ‘बेटिक’मध्ये अभियंते आणि डॉक्टर मिळून वैद्यकीय उपकरणं घडवतात. अशा संस्थांनी कोकणातल्या आजी डोळ्यांसमोर ठेवून हे काम हाती घ्यावं, असं मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न संपर्काचा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या गावांत दिवसेंदिवस वीज आणि मोबाइलची रेंज नव्हती. अशा वेळी मनगटावरचं घड्याळ मुकं होतं. एरवीही वाडीच्या आतल्या अंगाला रेंज येते का, हे घड्याळ घेण्याआधीच तपासून बघायला हवं.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. घड्याळाने बोरिवलीतल्या मुलाला कळवलं, पुढे काय? पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद, रस्त्याने यायला अनेक तास. आजीपर्यंत पाच मिनिटांत पोहोचेल तो शेजारच्या वाडीतला माणूस. म्हणून निरोपाच्या यादीत पहिलं नाव शेजाऱ्याचं हवं, दुसरं गावातल्या धडधाकट नातलगाचं, तिसरं मुलाचं. शेजाऱ्याकडे घराची जादा किल्ली हवी. खुब्यात कळ असेल, पाय वळलेला वा आखूड दिसत असेल, तर उचलून बसवायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा, हे त्याला आधी सांगून ठेवायला हवं.

यंत्राच्या आधी

सर्वांत भरवशाचं संरक्षण मात्र पायांतल्या ताकदीत आहे. १०८ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०१९च्या कॉक्रेन अहवालानुसार तोल आणि स्नायू सुधारणाऱ्या नियमित व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहायचा सराव, यासाठी पैसा लागत नाही. सुरुवातीला कुणीतरी जवळ उभं राहावं लागतं, इतकंच. डोळ्यांचा नंबर आणि मोतीबिंदू तपासावा. झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, ते डॉक्टरांना विचारावं. पायऱ्यांवरचं शेवाळ पावसाळ्यात पुनःपुन्हा खरवडावं, न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा बसवावा, बिछान्याजवळ बॅटरी ठेवावी.

यासाठी थोडी सरकारी मदतही आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. त्यातून तिपाई काठी, वॉकर, कमोड खुर्ची येऊ शकते. पडणं टाळण्यात ही साधी साधनं घड्याळापेक्षा मोलाची आहेत. माहिती आणि मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

दिवाळीला चाकरमानी घरी येतात. फराळानंतर तासभर काढून आई-वडिलांबरोबर घरभर फिरा, कुठे पाय घसरतो ते त्यांनाच विचारा. मग शेजाऱ्यांना बोलावून कोण धावेल ते ठरवा. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि ग्रामपंचायतींनी वाडीवार एकट्या वृद्धांची आणि त्यांच्या हाकेला जाणाऱ्यांची यादी केली, तर अर्धं काम तिथेच होईल. एवढं झाल्यावर घड्याळ अवश्य घ्या. त्याची हाक ऐकणारं माणूस तेव्हा जवळ असेल.