ग्रहांच्या भेटीचे गणित

फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही जमली, तेव्हा प्रलयाच्या भयाने देशभर होमहवने झाली. प्रलय मात्र आला नाही. ग्रह केव्हा एकत्र येणार, हे त्यांच्या गतीवरून आधीच काढता येते. गुरू वर्षाला सरासरी ३०.४ अंश चालतो, शनी १२.२. म्हणजे गुरू दरवर्षी सुमारे १८ अंश पुढे जातो आणि ही आघाडी ३६० अंशांची होताच, सुमारे २० वर्षांनी, शनीस पुन्हा गाठतो. मागील युती २१ डिसेंबर २०२० रोजी झाली. पुढील २०४० च्या ऑक्टोबरअखेरीस होईल. आकाश निरभ्र असल्यास सदलग्याच्या दूधगंगेकाठावरून पहाटे पूर्वेला हे दोघे शेजारी दिसतील. प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी मैलांचे अंतर असेल. हे गणित उमगले की भीतीला जागा उरत नाही.