गाठीला रक्त कोण पुरवते?

पेशींचे अनियंत्रित विभाजन म्हणजे कर्करोग, अशी व्याख्या आपण वर्गात सांगतो. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. वाढणाऱ्या पेशींना प्राणवायू आणि अन्न लागते. केशवाहिनीतून बाहेर पडलेला प्राणवायू ऊतीमध्ये जेमतेम ०.१ ते ०.२ मि.मी. अंतरापर्यंत पोचतो, कारण वाटेतल्या पेशी तो वापरून टाकतात. म्हणून स्वतःचा रक्तपुरवठा नसलेली गाठ साधारण १ ते २ मि.मी. झाली, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी झाली, की थबकते. मग लिंबाएवढी गाठ होते तरी कशी?

अमेरिकेत बोस्टन येथे काम करणारे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली याचे एक उत्तर सुचवले. गाठ काही रासायनिक पदार्थ बाहेर सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे वाढायला लावते, असे त्यांचे म्हणणे होते. गाठीभोवती दिसणाऱ्या रक्तवाहिन्या केवळ दाहामुळे आलेल्या असतात, असे तेव्हा बरेच जण मानत. फोकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगासाठी सशाचा डोळा निवडला, आणि ही निवड मला फार मार्मिक वाटते. डोळ्याच्या पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे नवी वाहिनी उगवली तर ती स्वच्छ दिसते. पारपटलात गाठीचा कण ठेवल्यावर कडेच्या वाहिन्यांना फुटवे आले आणि ते नेमके त्या कणाच्या दिशेने वाढत गेले. तसाच कण डोळ्यातील द्रवात तरंगत ठेवला, तेव्हा तो जिवंत राहिला पण वाढला नाही. परितारिकेच्या रक्तवाहिन्यांजवळ ठेवताच मात्र तो दोन आठवड्यांत हजारो पटींनी फुगला.

संदेश नेणाऱ्या पदार्थांपैकी सर्वांत महत्त्वाचे प्रथिन व्हीईजीएफ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. ते पाठवायचे केव्हा, हे पेशीला कसे कळते? पेशीत हिफ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू पुरेसा असला की त्याच्याच साहाय्याने हिफवर एक रासायनिक खूण उमटते. व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि हिफ मोडीत निघते. प्राणवायू कमी पडला की खूण उमटत नाही, हिफ साठते, केंद्रकात जाते आणि व्हीईजीएफचे जनुक चालू करते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल सेमेन्झा, केलिन आणि रॅटक्लिफ यांना २०१९ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाच्या अनेक कर्करोगांत व्हीएचएलचे जनुकच बिघडलेले असते. तेथे प्राणवायू मुबलक असूनही धोक्याची घंटा वाजत राहते.

रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एरवी शांत असतात, क्वचितच विभाजित होतात. व्हीईजीएफ त्यांच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटले की त्या जाग्या होतात. ज्या पेशीला संदेश सर्वांत जोरात मिळतो ती आघाडीला येते, बोटांसारखे बारीक तंतू काढून वाट चाचपडते आणि शेजारच्या पेशींना 'तुम्ही पुढे येऊ नका' असा संदेश देते. दिंडीत पताकावाला पुढे आणि बाकीचे मागे, तसेच हे. मागच्या पेशी विभाजित होतात आणि नळी लांबत जाते. गर्भाची वाढ होताना आणि जखम भरून येताना अगदी हेच घडते. कर्करोगाने नवी भाषा शोधलेली नाही.

फरक एवढाच, की जखम भरली की हे बोलणे थांबते, गाठीत ते थांबत नाही. त्यामुळे तेथील वाहिन्या वेड्यावाकड्या, कमकुवत आणि गळक्या असतात. (१९८३ साली हेच प्रथिन प्रथम सापडले ते वाहिन्या गळक्या करणारा पदार्थ म्हणून!) पाझरलेल्या द्रवामुळे गाठीतला दाब वाढतो आणि औषध आत शिरत नाही. शिवाय अस्तराच्या पेशी ज्या प्रथिनांनी पांढऱ्या पेशींना पकडून आत घेतात, ती प्रथिने व्हीईजीएफमुळे कमी होतात. म्हणजे रक्ताला दार उघडे आणि पहारेकऱ्यांना बंद!

संदेश तोडला तर गाठ उपाशी मरेल, हा तर्क सरळ होता. व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्याआधीच्या चाचणीत नेहमीच्या औषधांबरोबर ते दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. रुग्णाच्या घरी हे महिने मोठेच, पण आशा याहून फार मोठी होती. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मंजुरी तर २०११ साली काढून घेण्यात आली. एक संदेश अडवला की गाठ दुसरा पाठवते, किंवा आयत्या असलेल्या वाहिन्यांच्या कडेनेच पसरते.

राकेश जैन यांनी २००१ साली वेगळा विचार मांडला. वाहिन्या नष्ट करण्याऐवजी त्यांना थोडे ताळ्यावर आणावे, म्हणजे औषधे तरी आत पोचतील. पुढे याला प्रतिकारशक्तीचीही जोड मिळाली. यकृताच्या कर्करोगासाठी २०२० साली बेव्हासिझुमॅब आणि प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे अटेझोलिझुमॅब हे औषध एकत्र देण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली.

बेव्हासिझुमॅब घेणाऱ्या रुग्णावर ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल, तर ते किमान २८ दिवस आधी बंद करावे लागते आणि जखम पुरती भरेपर्यंत पुन्हा देत नाहीत. टाक्यांखालच्या जखमेलाही तोच संदेश हवा असतो.